चौकटी कंसाची शिस्त : ‘रोज एक चित्र’ या उपक्रमाविषयी

प्राचीन शिलालेखांची छापील संहिता उघडून पाहिली, तर तिच्यात एक खूण वारंवार भेटते. दगड जेथे फुटलेला असतो किंवा अक्षर जेथे झिजून गेलेले असते, तेथे अभ्यासक दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीच्या आधाराने ते अक्षर पुरवतात. मात्र पुरवलेले अक्षर चौकटी कंसात ठेवतात. कंसाबाहेरचे अक्षर दगडाचे, कंसातले अक्षर अभ्यासकाचे. वाचणाऱ्याची फसवणूक होऊ नये आणि तुटलेला अर्थही हाती लागावा, या दोन्ही गरजा ती एवढीशी खूण भागवते. इतिहास या विद्येचा प्रामाणिकपणा समजावून सांगताना आम्ही वर्गात याच खुणेचे उदाहरण देत आलो आहोत.

आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईलचा कॅमेरा आला आहे आणि काढलेल्या छायाचित्रावर बोटाने रंग भरण्याची सोयही आली आहे. या साधनांचा अभ्यासाला उपयोग व्हावा म्हणून वसतिगृहात ‘रोज एक चित्र’ हा उपक्रम आम्ही चालवतो. दिवसाला एक छायाचित्र काढावयाचे, संगणकावर त्याच्यावर आपले रेखाटन करावयाचे आणि दोन ओळींची नोंद लिहावयाची, एवढेच त्याचे स्वरूप. हा छंद नव्हे, अभ्यास आहे, असे आम्ही का मानतो, ते या लेखात मांडण्याचा विचार आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : समोर जे आढळले आणि आपण त्यावर जे जोडले, त्यांच्यामधील रेषा रोज आखावयास शिकणे, हा या उपक्रमाचा गाभा आहे. ज्या समाजाची चित्रे दीर्घकाळ इतरांनी काढली आणि त्या चित्रांखालची वाक्येही इतरांनीच लिहिली, त्या समाजाच्या मुलामुलींना ही रेषा आखता आलीच पाहिजे.

सोपाऱ्याचा धडा

या अभ्यासाचा पहिला धडा आपल्याच तालुक्यात आहे. नालासोपाऱ्यात ज्याला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, तो मातीचा उंचवटा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ च्या एप्रिल महिन्यात उत्खनन करून उघडला. हे पंडितजी १८३९ साली जन्मले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जगापुढे जाहीर झाली, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोटाच्या पोटात निघाला विटांचा स्तूप. मध्यभागी दगडी करंडक होता. त्याच्या आत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक बसवलेल्या मंजूषा होत्या. सर्वांत आतल्या मंजूषेत मातीच्या पात्राचे लहान तुकडे होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असल्याच्या श्रद्धेने येथे ठेवले गेले असावेत, असे पंडितजींचे अनुमान होते. दगडी करंडकात सोन्याची फुले, बुद्धांच्या आठ लहान कांस्यमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही मिळाले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जतन केला.

विद्यार्थ्यांनी येथे पाहावयाचे ते नोंदीच्या रीतीकडे. लोक त्या जागेला काय म्हणतात, हे पंडितजींनी लिहिले. खणल्यावर काय निघाले, हेही लिहिले. आणि त्यावरून आपण काय अनुमान करतो, हे वेगळे लिहिले. बुरूड राजाची कथा त्यांनी पुसून टाकली नाही आणि ती पुरावा म्हणून पुढेही केली नाही. सांगितलेले, सापडलेले आणि अनुमानलेले असे तीन थर त्यांनी एकमेकांत मिसळू दिले नाहीत.

सोपाऱ्याला आणखी एक थर आहे, तो साहित्याचा. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात शूर्पारकच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते. आजारी धन्याची सेवा करणाऱ्या दासीच्या पोटी पूर्ण जन्मला. घराची वाटणी झाली तेव्हा भावांनी त्याला वाटेकरी न मानता वाटणीतील वस्तू मानले. पुढे तोच पूर्ण चंदनाच्या व्यापारात मोठा झाला, समुद्रावर गेला आणि अखेर भिक्खू झाला. ही कथा आपल्या मुलांच्या अंतःकरणाला भिडते आणि ती भिडावी. परंतु स्तूप उकरताना पूर्णाचे नाव असलेली वीट निघाली नाही. म्हणून पूर्णाचे चित्र काढावयाचे असेल, तर ते अवश्य काढावे. मात्र कंसात काढावे.

सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्येच भातेला तलावाजवळ मिळाला, तर नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे मिळाला. दोन्ही तुटलेले आहेत. त्यांचा पूर्ण आशय गिरनारसारख्या ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. आठव्या लेखात सम्राट सांगतो की, पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी विहारयात्रा करीत. आपण मात्र अभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची विचारपूस, खेड्यातील लोकांचे दर्शन आणि धम्माची चर्चा असे. नवव्या लेखात, लोक प्रसंगोपात्त नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ अल्प. दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर आणि प्राणिमात्रांविषयी संयम हेच खरे मंगल, असा उपदेश आहे.

आमच्या उपक्रमाला याहून चांगली प्रस्तावना कोणती असणार? कॅमेरा घेऊन सहलीला जाणे ही विहारयात्रा झाली. तोच कॅमेरा घेऊन वृद्धांना, कष्टकऱ्यांना आणि खेड्यातल्या माणसांना भेटणे, त्यांना विचारून त्यांचे चित्र घेणे, ही धम्मयात्रा होय. साधन एकच आहे; फरक दृष्टीचा आहे.

दुसऱ्यांनी काढलेली चित्रे

छायाचित्र आणि हाताची कला यांची मिसळ संगणकाने प्रथम केली, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. तो दूर करण्यासाठी मुंबईतलेच एक जुने उदाहरण द्यावे लागते. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. दुसऱ्या खंडात महाराष्ट्रातील समाज आहेत. त्यातील अनेक चित्रांत माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आहेत आणि मागचे देखावे दुसरीकडे घेतलेले आहेत. मग दोन्ही जोडून एकच चित्र केले आहे. पाहणाऱ्याला वाटते, ही माणसे त्या जागीच उभी आहेत. जोड कोठे आहे, हे चित्र स्वतःहून सांगत नाही.

त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड निघाले. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्यांचे संपादक. त्यात भारतातील जाती आणि जमाती ‘नमुने’ म्हणून मांडल्या गेल्या आणि सबंध समाजाच्या स्वभावाविषयी, कोठे कोठे गुन्हेगारीविषयीसुद्धा, शेरे मारले गेले. तेथे असंख्य माणसे जातीच्या नावाने उभी आहेत, स्वतःच्या नावाने नाहीत. छायाचित्र खरे असू शकते आणि त्याखालचे वाक्य अन्याय करू शकते, हा धडा आपण या ग्रंथातून घ्यावयाचा आहे. चित्रात काय जोडले, एवढेच पाहून भागत नाही. चित्राखाली काय लिहिले आणि कोणी लिहिले, हेही पाहावे लागते.

या परंपरेला उत्तर देणारे काम आपल्याच काळात झाले आहे. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे त्यांच्यामध्ये वावरून टिपले. गटारात उतरणारा माणूस, त्याचे घर, त्याची मुले आणि त्याचा थकवा त्यांनी शहरासमोर ठेवला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे शहर पाहत नव्हते, त्यांच्याकडे पाहावयास लावणे, ही कॅमेऱ्याची सर्वांत मोठी ताकद त्यांच्या कामात दिसते.

अजिंठ्याच्या प्रती

छायाचित्र, रेखाटन आणि संगणक यांचा संबंध समजण्यासाठी अजिंठ्याची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावीच लागते. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याकडे लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम आले. अनेक वर्षे खपून त्याने मोठ्या तैलचित्र प्रती केल्या. त्या लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. गिल याने लेण्यांची छायाचित्रेही घेतली होती. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. भारतीय विद्यार्थ्यांनी वर्षामागून वर्षे लेण्यात बसून केलेले ते काम होते. त्यातीलही पुष्कळ प्रती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६ पासून निघाला. हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० पासून रंगीत छायाचित्रांसह अजिंठ्याचे खंड प्रसिद्ध केले.

मूळ चित्रांना या काळात इजाही झाली. रंग स्पष्ट दिसावेत आणि टिकावेत म्हणून भिंतींवर चढवलेले व्हार्निशाचे थर पुढे पिवळे पडले. हेतू वाईट नव्हता. पण जे जोडले ते मूळच्या अंगावरच जोडले, त्यामुळे परत काढणे कठीण झाले.

आता नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांच्या कामाकडे पाहा. लेण्यांतील चित्रांना बाधणार नाही अशा मंद प्रकाशात त्यांनी ती छायाचित्रित केली आणि निखळलेले भाग संगणकावर अभ्यासपूर्वक भरून काढण्याचे काम हाती घेतले. भिंतीला हात न लावता चित्र पूर्वी कसे असेल, याचे दर्शन त्यातून घडते. पुनर्रचना पडद्यावर होते, मूळ भिंतीवर तसेच राहते. एखादे अनुमान उद्या चुकीचे ठरले, तर ते बदलता येते. डिजिटल कलेचा खरा लाभ हा आहे : जोडलेले मूळापासून वेगळे ठेवता येते.

चित्रकामाच्या संगणकीय प्रणालींमध्ये ‘लेयर’ म्हणजे थर असतात. क्रिटा, गिम्प यांसारख्या विनामूल्य प्रणालींतही ही सोय आहे. सर्वांत खालच्या थरावर छायाचित्र ठेवून त्याला कुलूप लावावयाचे; त्याच्यावर पारदर्शक थर घेऊन रेखाटन करावयाचे. वरचा थर एका टिचकीने झाकता येतो आणि खालचे छायाचित्र जसेच्या तसे दिसते. पुरातत्त्वज्ञ जमिनीचे थर वेगवेगळे ओळखतो, तसाच हा अभ्यास आहे. सोपाऱ्याच्या उत्खननावरचा पाठ झाल्यानंतर ‘लेयर’ हा शब्द मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘रोज’ या शब्दाचे वजन

उपक्रमात ‘चित्र’ या शब्दाइतकेच महत्त्व ‘रोज’ या शब्दाला आहे. न्यूयॉर्कचे जेमी लिव्हिंग्स्टन यांनी ३१ मार्च १९७९ पासून पोलरॉइड कॅमेऱ्याने दिवसाला एकच छायाचित्र काढण्याचा नेम धरला आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, मृत्यूच्या दिवसापर्यंत, तो चालवला. जेवणाचे ताट, मित्र, रस्ता, शेवटी रुग्णालय असे त्या चित्रांचे विषय आहेत. सुटे चित्र सामान्य वाटते. अठरा वर्षांची ओळ पाहिली की एका माणसाचे आयुष्य उलगडते. अमेरिकेचेच माइक विंकलमन यांनी १ मे २००७ पासून दररोज एक चित्र पूर्ण करण्याचा परिपाठ ठेवला. त्यांच्या पहिल्या ५,००० दिवसांच्या चित्रांचा एकत्रित डिजिटल पट मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकला गेला. मुलांना ही रक्कम चटकन पाठ होते. आम्ही त्यांना ५,००० हा आकडा पाठ करावयास सांगतो.

याहून जवळचे उदाहरण आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. वारली चित्रे ही लग्नासारख्या प्रसंगी स्त्रिया घराच्या भिंतीवर काढीत. डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ती कला विधीपुरती न ठेवता नित्याची केली. कागदावर आणि कापडावर ते रोज काढीत राहिले, आणि मासेमारीचे जाळे, मुंग्यांची रांग, शेतातली कामे चित्रांत आली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रसंगाची कला नित्याची झाली की तिच्यात जीवन उतरते, हे त्यांनी दाखवून दिले.

भगवान बुद्धांनी सांगितलेल्या अप्पमादाचा, म्हणजे सावधपणाचा, अर्थ मुलांना व्याख्येने कळत नाही. आज दिवसभरात मी काय पाहिले, असा प्रश्न रोज संध्याकाळी स्वतःला विचारावा लागला म्हणजे तो कळू लागतो. दिवसाला एकच छायाचित्र, ही अट आम्ही त्यासाठीच घातली आहे. पन्नास छायाचित्रे काढणाऱ्याला पाहावे लागत नाही. एकच काढणाऱ्याला दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात.

एका विद्यार्थिनीची चित्रमाला

या उपक्रमात नववीतील एका विद्यार्थिनीने अशोक विजयादशमीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत नेम मोडू दिला नाही. प्रारंभीची तिची चित्रे वसतिगृहातील आहेत : दाराबाहेरची चपलांची रांग, भोजनगृहातील मोठे पातेले, पहाटेच्या वंदनेला मांडलेल्या सतरंज्या. त्यांच्यावर तिने केलेली रेखाटनेही साधी आहेत. चपलांच्या रांगेपुढे तिने मुलींच्या गावांकडे जाणाऱ्या वाटा काढल्या. पातेल्यातून निघणाऱ्या वाफेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा चेहरा काढला.

तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुलांच्या घरचे वर्ष असेच विभागलेले असते. शाळेला वसतिगृह असण्याचे एक कारणही तेच आहे. सुटीत ती भट्टीवर गेली, तेव्हा तिने आईच्या हातांचे चित्र घ्यावयाचे ठरवले : ओल्या मातीने भरलेले हात, लाकडी साचा आणि मागे वाळत घातलेल्या विटांची रांग. आई म्हणाली, “नुसते हातच कशाला? तोंड येऊ दे. आणि खाली माझं नाव लिही.”

परत आल्यावर तिने त्या छायाचित्रावर वरच्या थरात सोपाऱ्याचा स्तूप रेखाटला. ओल्या विटांची रांग जेथे संपते, तेथून स्तूपाच्या विटा सुरू होतात. वर्गात चित्रावर चर्चा झाली. कोणी म्हणाले, आईच्या फाटलेल्या पदरावर रंग फिरवून तो नीट करावा. चित्र प्रदर्शनात लागणार आहे, लोक काय म्हणतील? ती मुलगी म्हणाली की, पदर खालच्या थरावर आहे आणि खालच्या थराला कुलूप आहे. एवढ्या उत्तराने वर्ग शांत झाला. चित्राखाली तिने लिहिले आहे : आईचे नाव, ‘ओल्या विटा, साचा’ आणि मग चौकटी कंसात [स्तूप].

या नोंदीवर आम्ही एक तास इतिहासाचा पाठ घेतला. कार्ले आणि कान्हेरी येथील लेण्यांत सोपाऱ्याच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. दान देणाऱ्यांचे नाव दोन हजार वर्षे टिकले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु सोपाऱ्याच्या स्तूपाची वीट थापणाऱ्या माणसाचे किंवा बाईचे नाव आपल्याला कोणत्याही लेखात वाचावयास मिळत नाही. त्या विटा कोणाच्या तरी हातांनीच थापल्या होत्या. त्या हातांविषयी जे पुराव्यात नाही, ते या मुलीने कंसात मांडले. आणि ज्या हातांविषयी पुरावा तिच्यासमोर होता, त्यांचे नाव तिने कंसाबाहेर लिहिले. ‘नमुना’ म्हणून उभ्या केलेल्या माणसांच्या त्या जुन्या ग्रंथांना वीटभट्टीवरच्या एका आईने दिलेले हे उत्तर आहे, असे आम्ही मानतो. त्या माउलीचे नाव वाचकांनी शाळेच्या चित्रदालनात त्या चित्राखालीच वाचावे. तिने ते तेथे लिहावयास सांगितले आहे.

प्रभावळीचा प्रश्न

आणखी एका गोष्टीवर स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. जयंतीच्या दिवसांत आपल्या वस्त्यांमध्ये लागणाऱ्या फलकांवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या छायाचित्रामागे संगणकावर किरणे आणि प्रभावळ काढलेली असते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली बाबासाहेबांची चित्रे खऱ्या छायाचित्रांसारखी हातोहात फिरतात. त्यामागची भावना आम्ही जाणतो. आपल्या आजी-आजोबांच्या घरात बाबासाहेबांची हाताने रंगवलेली तसबीर होती. कृष्णधवल छायाचित्राला चित्रकाराने निळा कोट दिला आणि तो निळा रंग आपला झाला. भावनेने रंग चढवणे हा आपल्या समाजाच्या कलेचा भाग आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

परंतु २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविषयी जो इशारा दिला, तो प्रभावळ काढणाऱ्या हातानेही ऐकावयास हवा. त्याखेरीज एक व्यवहाराचा धोकाही आहे. खोटी चित्रे खऱ्या छायाचित्रांत मिसळू लागली, तर उद्या महाडचे, नागपूरच्या दीक्षाभूमीचे खरे छायाचित्रही ‘बनावट’ म्हणून झटकून टाकणे विरोधकांना सोपे जाईल. ज्यांच्या इतिहासाचा पुरावा मुळातच थोडा आहे, त्यांनी तो पुरावा आपल्या हाताने गढूळ करू नये. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना मुभा आहे : बाबासाहेबांच्या छायाचित्रावर हवे ते रेखाटावे, पण ते वरच्या थरावर, आणि खाली कंसात तशी नोंद करून.

उपक्रमाचे नियम

इतर शाळांना व घरी हा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडावेत म्हणून नियम येथे देत आहोत.

१. दिवसाला एकच छायाचित्र आणि संगणकावर अर्धा तास. एक मोबाईल चारपाच जणांत पुरतो. नवा घेण्याची गरज नाही.

२. मूळ छायाचित्र जसेच्या तसे वेगळे ठेवावे. रेखाटन त्याच्या प्रतीवर, वरच्या थरात करावे.

३. फाइलचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे, म्हणजे चित्रे आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

४. प्रत्येक चित्राखाली ठिकाण, आढळलेल्या गोष्टी आणि चौकटी कंसात जोडलेल्या गोष्टी लिहाव्यात. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल, तर तेही कंसात लिहावे.

५. माणसाचे छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. नाव द्यावयाचे की नाही आणि चेहरा दाखवावयाचा की नाही, हे ज्याचे चित्र त्याने ठरवावे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे.

६. कोणाच्या दारिद्र्याचे प्रदर्शन करू नये आणि ते रंगाखाली झाकूही नये. करुणा म्हणजे कीव नव्हे.

७. स्तूप, लेणी, किल्ला येथे मूळ वास्तूवर चढू नये, खडूने रेघ ओढू नये. रेघ ओढण्यासाठी आपल्याजवळ वरचा थर आहे.

८. चित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावीत. अजिंठ्याच्या प्रती दोनदा जळाल्या, हे विसरू नये.

पालक आणि माजी विद्यार्थी यांना

वसई-विरार हा परिसर डोळ्यांदेखत बदलतो आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. मिठागरे, वाड्या, तलाव आणि भाताची शेते यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. सोपाऱ्याचा स्तूपही आता दाट वस्तीच्या मध्ये आला आहे. या बदलाची रोजची नोंद कोणा मोठ्या संस्थेकडे असेल वा नसेल. आपल्या मुलांकडे ती असू शकते. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक या भागाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा तारीख, ठिकाण आणि कंस यांसह ठेवलेली ही चित्रे त्याला साक्ष देतील.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरच्या पेटीत जुनी छायाचित्रे असतील : दीक्षेच्या समारंभाची, वस्तीतल्या पहिल्या विहाराची, आजीच्या कामाच्या जागेची. ती स्कॅन करून शाळेला द्यावीत आणि चित्रातल्या माणसांची नावे सांगणारे कोणी वडीलधारे आहेत तोवर ती नावे लिहून घ्यावीत. चेहरा कागदावर राहतो. नाव मात्र सांगणाऱ्याबरोबर जाते.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

अ. घरातील एखादे जुने छायाचित्र पाहून आढळलेल्या पाच गोष्टी आणि अनुमानाच्या दोन गोष्टी वेगळ्या लिहा.

आ. सोपाऱ्याच्या स्तूपाला भेट देऊन एकच छायाचित्र घ्या. त्याच्या वरच्या थरात स्तूप पूर्वी कसा असेल ते रेखाटा आणि त्यासाठी कशाचा आधार घेतला, ते लिहा.

इ. आपल्या भागातील कष्ट करणाऱ्या एका व्यक्तीला विचारून तिचे चित्र घ्या. चित्राखाली कोणते वाक्य असावे, हे त्या व्यक्तीलाच विचारा आणि तेच वाक्य लिहा.

नमो बुद्धाय! जय भीम!